सातने संपणारी घरं

१

सोमवारी सकाळी साडेनऊला पेटीची सुतळी कापलेली सापडली. कापून ती पुन्हा बांधलीही होती, आणि इतकी नेटकी, की गाठ पाहून चोराचं कौतुक वाटावं. लाखेचा शिक्का मात्र मधोमध तडकला होता, आणि तडकलेली लाख काही कोणाला बांधता येत नाही.

हे पहिल्यांदा पाहिलं ते खोडरबरने. हे तिचं खरं नाव नव्हे, ऑफिसने पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर सगळे तिला बाई म्हणत. काम फेरतपासणीचं: दुसऱ्या कोणी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, आणि हिने त्यातल्या काही घरी पुन्हा जाऊन बघायचं, की तो माणूस खरंच आला होता का आणि जे लिहिलंय तेच सांगितलं होतं का. फरक दिसला की खोडायचं आणि लाल शाईने खरं लिहून सही करायची. तीस वर्षं ती अशी दुसऱ्यांदा दार वाजवत आली होती. कोणाच्याही घरी पहिल्यांदा जायचा योग तिला फारसा आलाच नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तर तिच्याही दाराशी कोणी पहिल्यांदा येत नव्हतं.

पेटीत चारशे फॉर्म असायला हवे होते. शनिवारी संध्याकाळी तिच्यासमोर मोजून आत ठेवले होते. आता तिने दोनदा मोजले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले. तीनशेसाठ भरले.

"चाळीस गेले," ती म्हणाली.

साहेब दारातच उभे होते. या खात्याचे प्रमुख, स्वभावाने आधी निष्कर्ष काढून मग कारण शोधणारे. "म्हणजे सर्वेक्षण रद्द," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख शोधूनही सापडलं नसतं. "फुटलेल्या पेटीतले कागद शुक्रवारी समितीपुढे ठेवू का मी? लोक तोंडात शेण घालतील."

रद्द म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शहरात सत्तरीच्या पुढची बावीस हजार माणसं. त्यांतल्या एकट्या राहणाऱ्या काहींकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन अर्धा तास बसायचं, बोलायचं, अशी भेट-सेवा गेली चार वर्षं चालू होती. ती चालू ठेवून इतर घरांपर्यंत न्यायची की बंद करायची, हे या चारशे फॉर्मांवर ठरणार होतं. समितीची अट साधी होती. गेल्या सात दिवसांत ज्यांचं कोणाशी एकदाही बोलणं झालं नाही अशी माणसं शंभरात निदान पंचवीस भरली, आणि तीही अंदाजातली चूक वजा करून भरली, तर सेवा राहील. सर्वेक्षणच नसेल तर महिनाअखेरीला बंद.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना?" खोडरबरने विचारलं.

"वेळ आहे. करा काय करायचं ते," साहेब म्हणाले आणि गेले.

पेटीतले फॉर्म विस्कटलेले होते. ती जमिनीवर बसली आणि क्रमांकाने लावू लागली. गुडघे कुरकुरत होते. दुपारी बारा वाजता गठ्ठा लागला आणि तिने हरवलेले क्रमांक वहीत उतरवायला घेतले. सात. सतरा. सत्तावीस. सदतीस. पाचव्या आकड्याला तिचा हात थांबला. मग तिने पटापट पानं उलटली, थेट शेवटपर्यंत.

तीनशे सत्त्याण्णवही नव्हता. ज्या फॉर्मांचा क्रमांक सातने संपत होता तेवढेच चोराने उचलले होते. एक जास्त नाही आणि एक कमी नाही.

२

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ऑफिसची किल्ली चौघांकडे होती. साहेब, भेट-सेवेच्या सिस्टर, फॉर्म भरणारा तुफान आणि प्रश्न लिहून आकडेमोड करणारे टक्के.

तिने सुरुवात तुफानपासून केली. हा फिरतीवरचा माणूस. इतरांना जे घर अर्ध्या तासाचं, ते याला दहा मिनिटांचं. म्हणून नाव तुफान. इतक्या वेगाने फॉर्म भरणाऱ्याबद्दल फेरतपासनिसाच्या मनात पाल चुकचुकणारच.

"खरं सांग. घरी बसून किती भरलेस?"

"बाई, आईशप्पथ एकही नाही. मी भराभर चालतो आणि भराभर बोलतो, एवढंच. म्हाताऱ्या माणसांना भराभर बोललेलं कळत नाही म्हणून प्रत्येक प्रश्न दोनदा विचारतो, तरी माझं लवकर होतं."

"हरवलेल्यांत तुझे दहा आहेत."

"आणि बाकीचे तीस दुसऱ्यांचे. मला माझं पाप झाकायचं असतं तर मी माझेच उचलले असते ना. दुसऱ्यांच्या कागदांशी मला काय देणंघेणं?"

बोलणं बिनतोड होतं. ती सिस्टरांच्या खोलीत गेली. सिस्टर भिंतीवरच्या तक्त्यावर पुढच्या आठवड्याच्या भेटी लिहीत होत्या, जणू सेवा बंद होण्याचा विषय निघालेलाच नाही.

"तुम्हाला सेवा राहायला हवी," खोडरबर म्हणाली.

"हवीच आहे. माझी नोकरी त्यात आहे, खोटं कशाला बोलू? पण मला आकडा वाढवायचा असता तर मी 'रोज बोलणं होतं' म्हणणाऱ्यांचे फॉर्म काढले असते. सातचा पाढा कशाला म्हणत बसले असते?" त्यांनी खडू खाली ठेवला. "साहेबांना विचारा. त्यांना माझी खोली जुन्या फायली ठेवायला हवी आहे. गेल्या महिन्यात टेप घेऊन मोजून गेले."

टेपबद्दल विचारल्यावर साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हो, मोजली खोली. गुन्हा आहे का? मला हे सर्वेक्षणच पटत नाही. चारशे माणसांना विचारायचं आणि बावीस हजारांबद्दल बोलायचं. उरलेल्या एकवीस हजार सहाशेंना कोणी विचारलं?"

"रक्त तपासायला डॉक्टर चार थेंबच घेतात, साहेब."

"थेंब सगळे सारखे असतात. माणसं असतात का?"

"नसतात. म्हणून तर आपण आवडतील ती माणसं घेत नाही. बावीस हजारांची यादी घ्यायची, पहिला आकडा चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून दर पंचावन्नावं नाव. मग त्यात बोलके येतात, मुके येतात, भरल्या घरातले येतात, एकटे येतात, आणि जेवढ्यास तेवढे येतात. थोडं इकडेतिकडे होतं. ते किती होईल तेही सांगता येतं."

बोलता बोलता तिला काहीतरी खटकलं. काय ते लगेच हाती लागेना, म्हणून तिने तो धागा तसाच मनात ठेवला.

शेवटी टक्के. पन्नाशीचे, सडसडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. पाऊस पडेल का विचारलं तरी चाळीस टक्के म्हणतील असे, म्हणून हे नाव. ते टेबलाशी बसून उरलेल्या तीनशेसाठ फॉर्मांची मोजणी करत होते. साऱ्या ऑफिसात धावपळ आणि हे एकटे शांत.

"तीनशेसाठात एकशे नऊ," ते मान वर न करता म्हणाले. "गेले सात दिवस, आज सोडून, एकदाही बोलणं नाही म्हणणारे. तीस टक्क्यांच्या थोडं वर. चूक पावणेपाच धरली तरी पंचविसाच्या वर राहतो. बाई, चाळीस नसले तरी अंदाज हलत नाही. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

"साहेबांना अंदाजाचं सोयरसुतक नाही. त्यांना फुटलेली लाख दिसते."

टक्क्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांचा चेहरा उतरला, आणि या गोष्टीचा त्यांनी आधी विचारच केला नव्हता हे तिला स्पष्ट दिसलं.

३

एक यादी चोराला नेता आली नव्हती. चारशे घरांचे पत्ते तिच्या स्वतःच्या कपाटात होते. मंगळवारी सकाळी तिने सातने संपणारे चाळीस पत्ते लिहून घेतले, कोरे फॉर्म घेतले, डबा घेतला आणि निघाली.

चाळीस घरं म्हणजे तीन दिवस. जिने, लिफ्ट, बंद पडलेल्या लिफ्ट, कुत्र्यांच्या पाट्या. कोणी दाराच्या फटीतून बोललं. कोणी खुर्ची पुसून दिली आणि मग जाऊच देईना. एका गृहस्थांनी प्रश्न संपल्यावर विचारलं, "अजून काही विचारायचंय का? काहीही विचारा." तिने उगाचच त्यांच्या खिडकीतल्या झाडाचं नाव विचारलं. त्यांनी पंचवीस मिनिटं सांगितलं. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की त्या पंचवीस मिनिटांत तिलाही बरं वाटलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन ती रेडिओ लावी आणि वहीत खुणा करी. एकेक शक्यता गळत चालली. प्रत्येक घरी ऑफिसचा माणूस आधी येऊन गेला होता. तुफानच्या दहाही घरी लोकांनी त्याची नक्कल करून दाखवली. म्हणजे तुफान सुटला. साहेबांनी चोरी केली असती तर हरवलेल्यांत 'एकदाही नाही' म्हणणारे ठासून भरलेले असते. सिस्टरांनी केली असती तर औषधालाही सापडले नसते. बुधवारच्या अखेरीस सत्तावीस घरं झाली आणि 'एकदाही नाही' म्हणणारे आठ निघाले. जेवढ्यास तेवढे.

म्हणजे चोराने उत्तरं पाहून फॉर्म उचललेच नव्हते. उलट उत्तरांना धक्का लागू नये म्हणून त्याने जिवापाड काळजी घेतली होती. एका गल्लीचा गठ्ठा उचलला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं, पण मग ती गल्ली अंदाजातून गेली असती. म्हणून दर दहावा. सोमवारी साहेबांशी बोलताना काय खटकलं ते आता तिला कळलं. चोराने चोरीतसुद्धा रीतसर नमुना काढला होता.

असं करणारा माणूस ऑफिसात एकच होता. आणि तरी तिला ते पटेना. जो माणूस दशांश चिन्ह चुकलं तर जेवत नाही, तो पेटी का फोडेल? चाळीस फॉर्मांत असं काय होतं? चाळीसांत नसेलच काही. बहुधा एकातच असेल आणि बाकीचे एकोणचाळीस त्याच्या सोबतीला नेले असतील. चिठ्ठी टाकून सात आला नव्हता. सात मुद्दाम घेतला होता, कारण तो एक फॉर्म सातने संपत होता.

पण कोणता? गुरुवारी दुपारपर्यंत तिला तो सापडला नव्हता. चारच्या सुमाराला ती दोनशे सतरा क्रमांकाच्या घराचा तिसरा मजला चढली.

दार उघडलं ते ताठ कण्याच्या एका आजींनी. अठ्ठ्याहत्तर वर्षं, केस चापून बसवलेले, खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. ती बऱ्याच दिवसांत कोणी वापरली नव्हती. आजींनी गठ्ठा उचलून खाली ठेवला.

"गेल्या सात दिवसांत," खोडरबरने नववा प्रश्न वाचला, "तुमचं कोणाशी बोलणं..."

"आज धरून की आज सोडून?"

"सोडून. रोज झालं, की..."

"थांबा. पर्याय सगळे वाचा, मग सांगते. मधे बोललं की उत्तर वाकडं होतं."

तिने तिन्ही पर्याय वाचले. आजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकदाही नाही." आवाजात तक्रार नव्हती. मग दहावा झाला, मग अकरावा.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाहीत," आजी म्हणाल्या. "बारा आणि तेरा सोडा. सरळ चौदावर जा."

खोडरबरने फॉर्म छातीशी धरलेला होता. आजींना तो दिसणं शक्यच नव्हतं.

४

तिने पेनाचं टोपण लावलं.

"आजी, तीस वर्षांत मला कोणीही 'आज धरून की सोडून' असं विचारलेलं नाही. पर्याय संपेपर्यंत कोणी थांबलेलं नाही. अकराव्याला 'नाही' म्हटलं की चौदावर जातात, हे तर फॉर्म तयार करणाऱ्यालाच माहीत. तुम्हाला कोणी शिकवलं?"

आजींनी टेबलावरून हात फिरवला.

"इथेच बसायचा," त्या म्हणाल्या. "नवीन नोकरी होती. प्रश्न लिहायचा आणि आधी मला विचारून बघायचा. आई, तू म्हातारी आहेस असं समज. मी तेव्हा पन्नाशीची. एकेक प्रश्न वीस-वीस वेळा. मी मधेच उत्तर दिलं की चिडायचा. आईला मुलं आहेत का, असंही विचारायचा, आणि मी नाही म्हणायचे त्याची गंमत करायला. मग म्हणायचा, बरं झालं, दोन प्रश्न वाचले."

"मग आता का नाही म्हणालात?"

"आहे म्हटलं तर पुढे काय विचारता तुम्ही?"

बारावा प्रश्न होता, किती मुलं. तेरावा होता, त्यांपैकी कोणी शेवटचं भेटायला कधी आलं.

"दोन वर्षं होतील," आजी म्हणाल्या. "याच शहरात असतो. भांडण नाही, काही नाही. कामात असतो. हा कागद कुठे जाणार, मला ठाऊक होतं. त्याच्याच टेबलावर. तिथे दहा माणसं बघणार, 'शेवटचं कधी भेटले'च्या पुढे दोन वर्षं. चारचौघांत त्याची मान खाली घालायला लावू का मी? म्हटलं, नाहीतच मुलं. दोन प्रश्न वाचले."

त्या हसल्या. खोडरबरला हसता आलं नाही. त्यांनी मुलाला वाचवायला जे एक उत्तर दिलं, त्याच उत्तराने तो पेटी फोडायला निघाला होता, आणि हे त्या माउलीच्या गावीही नव्हतं.

"आता खरं लिहू का?" तिने विचारलं.

"तुम्ही तर खोडायलाच आलात," आजी म्हणाल्या. "पण त्याला त्रास होणार नाही ना?"

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. मग तिने पेनाचं टोपण काढलं.

५

शुक्रवारी सकाळी नऊला ती टक्क्यांच्या टेबलासमोर जाऊन बसली. ऑफिसात अजून कोणी आलेलं नव्हतं. तिने चाळीस फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"चाळीसात अकरा," ती म्हणाली. "एकशे नऊ आणि अकरा, एकशेवीस. चारशेत बरोबर तीस टक्के. तुमचा नमुना चांगला होता, टक्केसाहेब. इतका चांगला, की दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता."

टक्क्यांनी नाकारलं नाही. त्यांनी खालचा खण उघडला आणि चाळीस मूळ फॉर्म काढून ठेवले, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "जाळणार होतो," ते म्हणाले. "जाळवेनात. लोकांनी खरं सांगितलंय त्यात."

"दोनशे सतराने नाही सांगितलं."

ते दचकले. मग सावकाश, तुटक तुटक बोलू लागले. शनिवारी फॉर्म चाळताना पत्ता दिसला. आईचा. नवव्या प्रश्नापुढे 'एकदाही नाही'. ते वाचून जीव अर्धा झाला, पण ते खरंच होतं, मोजायलाच हवं होतं. मग अकरावा. मुलं आहेत का? नाहीत. "सोमवारी मी स्वतः मोजणार होतो, बाई. निपुत्रिक इतके, असा रकाना आहे. त्यात माझ्या हाताने आईची खूण करायची. उत्तर बदलणं तर मला जन्मात जमणार नाही. एकच फॉर्म काढला असता तर तुम्ही त्याच एका घरी गेला असता. चाळीस गेले तर कोण चाळीस जिने चढणार, असं वाटलं. अंदाजही टिकणार होता. तीनशेवीसच्या खाली उतरलो असतो तरच सेवेला धोका होता, ते मी आधी काढून बघितलं."

"सगळं काढून बघितलंत, फक्त तिथे जाऊन बघितलं नाहीत."

"आधी खरंच काम होतं. मग इतके महिने झाले, की जायचं तर काय तोंडाने जायचं. प्रत्येक महिन्याला ते आणखी अवघड होत गेलं." त्यांनी चष्मा काढला. "आणि तिने मला टाकलंच असेल, तर तो तिचा हक्क आहे."

तेव्हा खोडरबरने त्यांना आजी काय म्हणाल्या ते सांगितलं. शब्द न शब्द, जसा तिने वहीत उतरवला होता तसा. मुलाखतीत पदरचं काही घालायचं नसतं. दोन प्रश्न वाचले, इथपर्यंत आल्यावर टक्क्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. ती उठून गेली नाही. ऑफिसची माणसं एकेक करून यायला लागेपर्यंत ती तशीच समोर बसून राहिली.

"समितीला पेटी कोणी फोडली ते सांगावं लागेल," शेवटी ती म्हणाली. "नाहीतर साहेब सगळंच रद्द करतील. मी तुमचं नाव घेतलं तर नोकरी जाईल. नाही घेतलं तर त्या अकरा घरांत, आणि उरलेल्या एकशे नऊंमध्ये, सेवेचं माणूस कधीच जाणार नाही. त्यात तुमच्या आईही आल्या."

"किती वाजता आहे?"

"चारला."

टक्क्यांनी मान हलवली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. ते काय करणार आहेत, हे तिला कळेना.

६

समितीच्या खोलीत चार माणसं आणि एक अध्यक्षबाई होत्या. साहेबांनी तडकलेली लाख बशीत घालून आणली होती, डॉक्टर काढलेला खडा दाखवतात तशी. त्यांचं भाषण दहा मिनिटं चाललं. फुटलेली पेटी, हरवलेले कागद, अविश्वसनीय आकडे.

खोडरबर उठली. चाळीस घरी ती स्वतः गेली होती, चाळीस मूळ फॉर्म परत मिळाले होते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते. फक्त एका घरी एका उत्तरात फरक निघाला.

"परत मिळाले म्हणजे कोणाकडून?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तिने तोंड उघडलं. पण आवाज शेजारून आला.

"माझ्याकडून," टक्के उभे राहिले होते. हातात दोनशे सतराचा फॉर्म होता. "पेटी मी फोडली. या फॉर्मवर अकराव्या प्रश्नाला 'मुलं नाहीत' असं उत्तर आहे. ते चुकीचं आहे. त्यांना एक मुलगा आहे, तो मी. बारावा प्रश्न, किती मुलं: एक. तेरावा, शेवटचं कधी भेटायला आलं: दोन वर्षं आणि एक महिना. कृपया दुरुस्ती करून घ्या. नववं उत्तर तसंच ठेवा. सात दिवसांत एकदाही बोलणं नाही, ते बरोबर आहे."

ते खाली बसले. साहेबांनी बशीकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी खोडरबरकडे लाल पेन सरकवलं. तिने तिन्ही उत्तरं दुरुस्त केली आणि खाली सही केली.

बाकीचं लवकर आटोपलं. चारशेत एकशेवीस, तीस टक्के. अंदाजाची चूक साडेचार. वजा केली तरी साडेपंचवीस. सेवा चालू राहील. टक्क्यांना सोमवारपासून चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्या आपल्या तक्त्याकडे गेल्या.

बाहेर सव्वापाचचं ऊन होतं. टक्के फाटकाशी घुटमळत होते.

"बाई, त्या घरापर्यंत याल का? मला जिना आठवतो, पण पाय उचलत नाहीत."

दोघं चालत गेली. इमारतीशी पोचल्यावर ते एकटेच वर गेले आणि ती खाली थांबली. तिसऱ्या मजल्यावर दार वाजलं. उघडायला वेळ लागला.

"जेवलास का?" वरून आजींचा आवाज आला.

दार लागलं. खोडरबर तिथेच उभी राहिली. चोरी उलगडली होती, सेवा वाचली होती, आणि तरी तिला त्या माणसाचा हेवा वाटला. पेटी त्याने फोडली, नोकरी त्याची टांगणीला लागली, पण त्याला वाजवायला एक दार होतं. आपल्याला असं दार कुठलं, हे तिने मनातल्या मनात शोधून पाहिलं. शोधता शोधता बसथांबा मागे पडला तरी तिच्या लक्षात आलं नाही, आणि मग ती घरापर्यंत चालतच गेली.